क, ख, ग, घ आणि तांदळाचा पाक

सकाळी साडेसहाला ओट्यावर चार वाट्या होत्या. एकीत शंभर ग्रॅम साखर, दुसरीत मध, तिसरीत खजुराचा पाक आणि चौथीत तांदळाचा पाक. साखर सोडून तिन्हींत पाण्याचा अंश असतो, म्हणून त्यांचं वजन हिशेबाने तेवढं वाढवलेलं. शेजारी एक काटा, बोट टोचून रक्तातली साखर मोजणारं छोटं यंत्र आणि टोक केलेली एक पेन्सिल.

हा सगळा थाट लेकीचा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती महिन्यापूर्वी घरी आली होती आणि सध्या हट्टाला पेटली होती. कारण बाबा. बाबा शिंपी. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "साखर काठावर आहे. दोन महिन्यांत खाली आणा, नाहीतर गोळ्या." गोळी लागली की म्हातारपण सुरू, असा बाबांचा पक्का समज. त्यांनी साखर तडकाफडकी सोडली आणि तांदळाच्या पाकाची बाटली आणली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'साखर घातलेली नाही'. पाक साखरेच्या निम्माच गोड, म्हणून चहात दोनऐवजी चार चमचे पडायला लागले.

"बाबा, तुमचा हा पाक साखरेपेक्षा लवकर रक्तात उतरतो."

"तांदूळ कधी कुणाला बाधलाय का?"

"तांदूळ नाही, पाक. तांदळातल्या स्टार्चचीच साखर करून तो बनवतात."

"मग बाटलीवाले खोटं लिहितात?"

"खरंच लिहितात. साखर वरून घातलेली नाही. ती आतच तयार होते."

"बाईसाहेब, मी अंदाजाने कापड कापत नाही. मापून दाखव."

पैज ठरली. पाकाचा आकडा साखरेपेक्षा कमी आला, तर लेकीने जन्मात पुन्हा विषय काढायचा नाही. जास्त आला, तर बाटली घराबाहेर.

चहात पाक लगेच ओळखू येतो, म्हणून बिस्किटं करायची ठरली. ती आई करणार. डब्यांवर क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या लावणार आणि कशात काय आहे ते फक्त तिलाच ठाऊक असणार. आईने पंचवीस वर्षं एका शाळेची खानावळ सांभाळली होती. बेचव पदार्थ तिच्या हातून कधी दाराबाहेर गेला नव्हता.

रोज सकाळी उपाशीपोटी मोजून पाच बिस्किटं आणि तासाभराने बोटाला टोचणं. चार दिवसांत चार आकडे आले. एकशे एकाहत्तर. एकशे एकोणसत्तर. एकशे बहात्तर. एकशे सत्तर. लेकीने आलेख काढला. तो पट्टी ठेवून आखल्यासारखा आडवा आला.

"म्हणजे सगळं सारखंच," बाबा म्हणाले. "हरलीस असं मी म्हणत नाही. पण पाक निर्दोष सुटला." त्यांनी त्या दिवशी चहात पाचवा चमचा घातला.

एवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले. दुकानात ज्याची म्हणून कंबर मापली, त्याला त्यांनी पाकाचं माहात्म्य ऐकवलं. "घरात शास्त्रज्ञ आहे, प्रयोग करून पाहिलाय." दोन दिवसांत शेजारच्या न्हावीकाकांनी दोन बाटल्या आणल्या. त्यांनाही डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली होती. ते लेकीला रस्त्यात थांबवून म्हणाले, "तुझ्या प्रयोगाने फार मोठं काम केलं बघ." लेकीला घास गोड लागेना.

तिने आईला गाठलं.

"आई, बिस्किटांत तू नक्की काय काय घातलंस?"

"तू दिलंस तेच."

"फक्त तेच?"

आईने आधी हातातली परात पुसून ठेवली. "हे बघ, तांदळाची अगदीच मिळमिळीत लागत होती. त्यात थोडी साखर टाकली. मधाची लगेच करपायला लागली, म्हणून त्यात थोडा तांदळाचा पाक. खजुराची काळीठिक्कर. मग म्हटलं, कशाला तऱ्हा. चारी गोळे एकत्र मळले आणि पुन्हा चार भाग केले."

"आई, ते वेगळे ठेवायचे होते."

"वेगळेच ठेवले की. चार डब्यांत."

"आणि चिठ्ठ्या?"

"लावल्या ना. कशात काय ते तुला कळता कामा नये, म्हणालीस. मलाही कळत नव्हतं."

लेकीने काटा पुसला आणि दुकानात जाऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबांच्या हातातली टेप गळ्यात गेली.

"म्हणजे पाक अजून निर्दोष नाही?"

"अजून मापलाच नाही."

"मग माप. काकांना काय तोंड दाखवू मी?"

या वेळी बिस्किटं नाहीत, नुसतं पाणी. पहिल्या दिवशी त्यात विरघळवलेली पन्नास ग्रॅम साखर, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच साखरेच्या हिशेबाने तांदळाचा पाक. आई दोन्ही दिवस स्वयंपाकघराबाहेर. बाबांनी स्वतः कडी लावली, काट्यावरचा आकडा चष्मा लावून दोनदा वाचला आणि पेला एका दमात रिकामा केला.

"नुसत्या पाण्यात घालून कुणी पितं का?" बाहेरून आई. "लिंबू तरी पिळा."

"कुणी काही पिळायचं नाही," बाबा आतून म्हणाले.

साखरेचा आकडा आला होता एकशे सहासष्ट. दुसऱ्या दिवशी तासभर बाबा घड्याळासमोरून हलले नाहीत. यंत्राने दोनशे सात दाखवले. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं.

"यातून घे."

लेकीने टोचलं. दोनशे नऊ.