खिळ्यावरचा मास्क

साथ विषाणूमुळे पसरते आणि जागरूकतेमुळे थांबते, हे सत्य आता साऱ्या जगाने स्वीकारले आहे. (विषाणूला अद्याप कळवलेले नाही.) या बाबतीत आमच्या इमारतीने जी मजल मारली, ती इतरांना जमणे कठीण. त्यासाठी आमची कमिटी लागते.

साथ आली त्याच आठवड्यात कमिटीने खिडक्या लावून, मांडीला मांडी लावून बसून, 'अंतर राखा' हा ठराव एकमताने मंजूर केला. मग जागरूकतेची पाहणी झाली. प्रश्न बारा होते. कोणाची तारांबळ उडू नये म्हणून उत्तरे कागदाच्या पाठीमागेच छापली होती. साथ भयंकर आहे असे मानणारे : शंभर टक्के. ती शेजाऱ्याला होईल असे मानणारे : शंभर टक्के. आपल्याला होईल असे मानणारे : एक. (चौथ्या मजल्यावरचे आजोबा. वय ब्याऐंशी, फुप्फुसे अधू. त्यांचे मत अपवाद म्हणून वगळले.)

'मास्कशिवाय लिफ्ट वापरू नये' ही पाटी त्यानंतरची. पाट्या नुसत्या वाचल्या जातात, हे सेक्रेटरी ओळखून आहेत. म्हणून त्यांनी लिफ्टमध्ये खिळा ठोकला आणि त्यावर एक उत्तम तिपदरी मास्क टांगला. चढणाऱ्याने लावायचा, उतरताना पुन्हा खिळ्याला अडकवायचा. दोघे असतील तर आळीपाळीने. नियमाचे पालन एका दिवसात शंभर टक्के झाले.

पाचव्या दिवशी पहिला मजला खोकू लागला, सहाव्या दिवशी दुसरा. साथ जिन्याने वर येते आहे, सबब लिफ्टच सुरक्षित, असा निष्कर्ष कमिटीने काढला.

सोमवारी आजोबांना दवाखान्यात न्यायचे होते. चार जिने उतरले असते, तर दवाखान्याची गरजच उरली नसती. सूनबाई त्यांना घरचा, धुतलेला मास्क लावून लिफ्टपाशी घेऊन आली. तिथे सेक्रेटरी दोन सभासदांसह लिफ्टचे दार अडवून उभे.

"वहिनी, हा चालणार नाही. लिफ्टचा लावायचा."

"अहो काका, त्यात अर्धी इमारत खोकलीय!"

"म्हणजे शेजाऱ्यांवर अविश्वास? आणि आपले शंभर टक्के बिघडतील त्याचं काय?"

"आणि मामंजींचं काही बिघडलं तर?"

"त्याला तक्त्यात रकाना नाही हो."

"थांब गं," आजोबा म्हणाले, "कमिटीचा मान राखू या." आणि त्यांनी घसा खाकरला. खोकले नाहीत, नुसता खाकरला.

कमिटी जिन्याने गेली. (तिघांपैकी दोघांकडे गुडघेदुखीचा दाखला आहे.) सूनबाईने छत्रीच्या टोकाने तो मास्क उचलून कचऱ्यात टाकला आणि लिफ्ट खाली निघाली.

आजोबा आता बरे आहेत. लिफ्ट त्यांच्याखेरीज कोणी वापरत नाही. दिवसभर पडून वाचत असतात. आख्ख्या इमारतीत फिरून झाला की मासिकाचा हा अंकही शेवटी त्यांच्याच हाती येतो. तुमच्याकडचा अंकही असाच कोणा म्हाताऱ्या माणसाकडे जात असणार. वाचक जागरूक आहेत, त्यांना मी काय सांगावे? एवढीच विनंती आहे : पान उलटायला जिभेकडे निघालेले ते बोट तेवढे खाली घ्या.