भाकरीच्या चतुःसीमा

ओवे गावच्या काशीरामशेठची मुलगी समीक्षा हिने कामोठ्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कंपनी काढली होती. धंदा तांदळाच्या भाकरीचा. मोबाइलवर बोट टेकवलं की गरम भाकरी दारात. थापायला ओव्याच्या बायका, त्यांच्यावर देखरेखीला काशीरामची बहीण मालू. कामोठ्याच्या नोकरदार मंडळींना भाकरी आवडत होती आणि थापता येत नव्हती. एवढ्या भक्कम पायावर फार थोड्या कंपन्या उभ्या असतात.

अशा कंपनीत पैसे घालायला मुंबईहून विश्वजीत नावाचे गृहस्थ आले. त्यांनी भाकरी खाल्ली नाही, तिच्या विक्रीचा आलेख पाहिला. तो त्यांना रुचकर वाटला असावा, कारण लगेच त्यांच्या वकिलांकडून इंग्रजीतला जाडजूड करार आला. समीक्षा तो वाचत गेली आणि एका कलमापाशी थांबली. सलग दोन महिने विक्री ठरल्यापेक्षा खाली गेली, तर गुंतवणूकदार प्रमुखाच्या खुर्चीवर आपला माणूस बसवील.

"बसवू दे की," काशीराम म्हणाला. "खोली मोठी हाय. अजून एक खुर्ची मावंल."

"बाबा, माझ्या खुर्चीवर. मी उठायचं."

काशीरामने लेकीच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आणि लग्नसराईत विक्री पडणारच," समीक्षा म्हणाली. "गावात हळद लागली की सगळ्या बायका मांडवात वडे थापायला जातात."

हे खरं होतं. भावकीच्या मांडवात जायला नाही म्हणायची सोय नव्हती. ती सोय मुंबईच्या वकिलांनाही करता आली नसती.

तेव्हा कायदेशीर सल्ला घ्यायचं ठरलं. प्रथम समीक्षाने काचेच्या इमारतीतल्या एका नामांकित सल्लागार संस्थेला विचारलं. त्यांचा सल्ला करारापेक्षा जाड निघाला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की हा मजकूर सल्ला म्हणून धरू नये. त्यावर विसंबण्यापूर्वी स्वतंत्र कायदेशीर सल्ला घ्यावा. संस्था नामांकित असल्यामुळे बापलेकीने तो सल्ला तंतोतंत पाळला आणि दोघं पनवेलला कृष्णकांत वकिलांकडे गेली.

कृष्णकांत वकिलांनी सरकारने घेतलेली ओव्याची सगळी जमीन, वाढीव मोबदल्यासह, निस्तरली होती. त्यांनी कराराचं वजन हातावर घेतलं आणि विचारलं, "सातबारा?"

"सर, कंपनीला सातबारा नसतो. हे नोंदणीचं प्रमाणपत्र आहे."

"म्हणजे बिनशेती." त्यांनी टिपून घेतलं. "चतुःसीमा सांगा."

या कामात काशीराम तयार होता. "पूर्वेला जिना. पश्चिमेला गणिताचा क्लास. उत्तरेला शिंप्याची खोली."

"दक्षिणेला?"

"हवा," समीक्षा म्हणाली.

"हवेत अतिक्रमण नाही ना? मग ठीक. आता सांगा, भाकरी कोणाची?"

"आमच्या आईची," काशीराम अभिमानाने म्हणाला. "तिच्या हातची चव सगल्या ओव्यात नव्हती."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "मग ही वडिलोपार्जित झाली. सगळ्या वारसांची संमती लागेल."

"सर, ते खुर्चीचं कलम..."

"खुर्ची ही जंगम मालमत्ता. ती शेवटी बघू."

रीतसर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली, की सदर भाकरीवर कोणाचा हक्क, हितसंबंध, गहाण वा दावा असल्यास लेखी कळवावं. नोटीस वाचून ज्यांना आपला दावा असल्याचं माहीत नव्हतं त्यांनाही तो आठवला. जासईहून पत्र आलं की समीक्षाच्या आजीचं माहेर जासईचं, सबब भाकरी मूळची जासईची. काशीरामच्या चुलतभावाने जात्यावर हक्क सांगितला. गणिताच्या क्लासवाल्या देवेश सरांनी कळवलं की भिंतीपलीकडून भाकरीचा वास ते कंपनी निघाल्यापासून विनाहरकत घेत आले आहेत, तरी तो वहिवाटीचा हक्क समजून कायम ठेवावा. वकिलांनी हा दावा सर्वांत मजबूत ठरवला.

राहिली मालू. रिवाजाप्रमाणे काशीराम साडी आणि हक्कसोडपत्र घेऊन तिला वकिलांकडे घेऊन आला.

मालूने साडीचा पोत बघितला. "जमिनीच्या येलंला पन अशीच दिलीस, दादा. मी सही केली. साडी विटली, जमिनीवर टावर झाला. आता भाकर मी सोडत नाय."

"आत्या, मग कोणी पैसेच घालणार नाही," समीक्षा म्हणाली.

"घालू दे नायतर नको. तुज्या खुर्चीवर कोन बसंल मना नाय म्हाईत. तव्याम्होरं मीच बसनार. ल्हिवा, वकीलसाहेब."

कृष्णकांत वकिलांच्या हयातीत बहिणींनी हक्क सोडलेच होते. न सोडल्याचा मसुदा त्यांच्याकडे नव्हता. तो त्यांनी हौसेने रचला. 'सदर भाकरी, तिचे पीठ, उकड, तवा, वाफ व थापण्याचा हात यांसह, तृण-काष्ठ-पाषाण-निधिनिक्षेपांसह, मालूबाई व भावकी यांच्या निरंतर वहिवाटीत राहील. लग्नसराईत हात कमी पडल्यास भावकीने थापावयास यावे.'

"भावकीची व्याख्या?" त्यांनी विचारलं.

"ज्यो जेवला त्यो," मालू म्हणाली. "जेवून हात धुवायचं आन् कामाला लागायचं."

व्याख्या लिहिली गेली. मजकूर परिशिष्ट म्हणून कराराला जोडला आणि सर्व हितसंबंधीयांना कळावा म्हणून कंपनीच्या ॲपवरच्या अटींतही घातला. मुंबईच्या वकिलांना परिशिष्ट मराठीत दिसलं, तेव्हा ते इंग्रजी कराराचंच भाषांतर असणार, असं त्यांनी मत दिलं. विश्वजीतनी विचारलं, "स्टँडर्ड आहे ना?" ते स्टँडर्ड असल्याचं कळल्यावर त्यांनी पानापानावर सही केली. पैसे आले. काशीरामने वकिलांकडे पेढे पाठवले. खुर्चीचं कलम होतं तिथेच राहिलं.

मग वैशाख आला. ओव्यात मांडव उभे राहिले, बायका गेल्या. पहिल्या महिन्यात विक्री घसरली. दुसऱ्या महिन्यात विश्वजीत खुर्ची बघायला स्वतः आले. समीक्षा उभी राहिली. उन्हातून आलेला माणूस म्हणून मालूने पानात भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. विश्वजीत पहिल्यांदाच भाकरी जेवले, आणि त्यांनी दुसरीही मागितली.

"जेवलाव ना?" मालूने विचारलं.

"छान होतं."

"मंग हात धुवा आन् पाटावर बसा. कलम हाय तसं. तुमची सही बी हाय."

समीक्षाने परिशिष्ट पुढे केलं. विश्वजीतनी ते पहिल्यांदा वाचलं, बाहेर जाऊन वकिलांना फोन केला, आणि बऱ्याच वेळाने आत येऊन बाह्या दुमडल्या. त्यांची पहिली भाकरी कर्नाळ्याच्या सुळक्यासारखी झाली. पण एका माणसाने विक्री सावरत नाही, आणि महिना अजून संपायचा आहे.

आपण हसताय. गेल्या खेपेला ॲपवर भाकरी मागवताना आपणही 'अटी वाचल्या, मान्य आहेत' या चौकोनात बोट टेकवलंत, आणि नंतर जेवलात. उकड काढून ठेवली आहे. हात धुऊन या.