ऑरेस्टचा गुडघा आणि संघाची पुनर्बांधणी

ज्याला घर नव्यानं बांधायचं आहे त्यानं आधी जुनं पाडावं, आणि पाडून झाल्यावर बांधायची घाई करू नये. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवान प्रांताचा प्रेअरी बॅजर्स संघ हे तत्त्व अकरा वर्षं निष्ठेनं पाळत आहे.

बर्फावरच्या हॉकीत संघाच्या एकूण पगाराला वरची मर्यादा असते, तशी खालचीही असते. (तिकिटाला फक्त खालची.) शिवाय जो संघ तळाला राहील त्याला नव्या पोरांमधला सर्वांत गुणी पोरगा आधी निवडता येतो. तेव्हा पुनर्बांधणी करणाऱ्या संघानं पगार भरपूर दाखवावा आणि खेळ अजिबात दाखवू नये, हे ओघानंच आलं.

आमचे व्यवस्थापक वेन्डल फ्रीसेन यांनी नेमका माणूस शोधला. ऑरेस्ट डमचुक: पगार मोठा, गुडघा निकामी. जुन्या संघानं त्याला पाठवताना हुंडा म्हणून एक तरणाबांड बचावपटूही दिला. (तो चांगला निघाल्यामुळे लगेच विकावा लागला.) ऑरेस्टचा पगार विमा कंपनी भरायची, हिशेबात तो आमचा धरला जायचा. पाच वर्षं तो एकदाही बर्फावर उतरला नाही आणि पाचही वर्षं संघाचा सर्वांत उपयुक्त खेळाडू ठरला.

घात केला त्याच्या सासूनं. स्टेफानियाबाई बटाट्याच्या पिरोही-करंज्या लाटता लाटता रोज ऐकवायच्या, "जावई कसला, आयतोबा नुसता! पलंग झिजला, हा नाही झिजला." ऑरेस्टला ते लागलं. त्यानं चोरून व्यायाम केला आणि एका सकाळी उड्या मारतच फ्रीसेनसाहेबांच्या कचेरीत शिरला.

"साहेब, गुडघा बरा झाला!"

फ्रीसेन यांनी आधी दार लावून घेतलं. "हळू बोल रे! आणखी कुणाला सांगितलंस?"

"सासूला."

"मेलो! अरे, विमा बंद होईल, पगार मालकाच्या गळ्यात पडेल, आणि वर तू सामना जिंकलास तर मी कुणाला तोंड दाखवू? थोडा लंगड की, बाबा."

"एकच सामना खेळू द्या, साहेब. घरात मान वर करून जेवता येत नाही हो."

तीन डॉक्टरांनी गुडघा तपासला. (तिसरा फ्रीसेन यांचा मेहुणा होता, पण दातांचा.) नाइलाज झाला.

हंगामाचा शेवटचा सामना. हरलो की तळाची जागा आमची. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती, आणि तेवढ्यात ऑरेस्टनं तिघांना चकवून गोल ठोकला. घरच्याच हजारो प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. शेजारी फक्त स्टेफानियाबाई उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मेल्यांनो," त्या आमच्यावर खेकसल्या, "संघ तुमचाच ना रे?"

मी त्यांना पगाराच्या दोन्ही मर्यादा शांतपणे समजावून सांगितल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली पर्स माझ्या डोक्यात घातली.

वाचकहो, ऑरेस्टनं गोल केला तेव्हा तुम्हालाही क्षणभर बरं वाटलं असेल, तर तुम्हाला यातलं काहीच कळलेलं नाही. कृपया पहिल्यापासून वाचा.