पेलाभर अनुपान

ताण सर्वच सजीवांना होतो. तो कोणत्या खात्याकडे वर्ग करायचा, एवढेच ठरवायचे असते.

आमचा जिल्हा नवा झाला त्या वर्षी, सलग दुसऱ्यांदा, पाऊस झाला नाही. खपरवाडीच्या विहिरीचा तळ दिसला तेव्हा पंचायतीतल्या कस्तुराबाईंनी मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला: 'गावाला पाण्याचा लई ताण बसला आहे, तरी उपाय व्हावा.' पीक वाळू लागले की आमच्याकडे ताण बसला असेच म्हणतात. शासनाचा शब्द मात्र 'टंचाई' आहे. (टंचाईचे टेबल अजून जुन्या जिल्ह्यात होते, तिथल्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती.) नव्या जिल्ह्यात 'ताण' या शब्दाखाली एकच योजना चालू होती, ती आरोग्याची. 'पाण्याचा' हा शब्द कागदाच्या घडीत गेला होता, हेही मान्य केले पाहिजे.

पंधरा दिवसांत जीप आली. जीपमधून टँकर उतरणे शक्य नव्हते. वैद्य गुंडप्पा उतरले आणि अश्वगंधा चूर्णाची चार पोती उतरली.

"हे काय हाय साहेब?"

"मावशी, हे मूळ अंगाला ताण सोसायला शिकवतंय. ताण हाय तसाच ऱ्हातो, माणूस बदलतो."

शासनाच्या इतक्या सोयीचे औषध दुसरे नसावे.

"घ्यायचं कसं?"

"एक चमचा, पेलाभर पाण्यातून. सकाळ-संध्याकाळ."

"पेला हाय," कस्तुराबाई म्हणाल्या.

वैद्य नियमाने चालणारे होते. औषध ज्यासोबत घ्यायचे त्याला अनुपान म्हणतात, आणि अनुपानाविना औषध देणे शास्त्राला मंजूर नाही. माणसे तीनशे बारा, रोज दोन पेले, पेला पाव लिटरचा. त्यांनी रोजचे मागणीपत्र लिहिले: 'अनुपान, १५६ लिटर, वाहतुकीतील गळती, ९,८४४ लिटर.' टँकर सुरू झाला. गळती गावाने घागरींत गोळा केली.

तुलनेसाठी शेजारच्या बोरतांड्याला चूर्णही द्यायचे नाही आणि पाणीही नाही, असे ठरले. (प्रयोगाची ही शिस्त तांडा आधीपासूनच पाळत होता.)

महिन्याने समिती आली. खपरवाडीत झोप एकाहत्तर टक्क्यांनी सुधारली होती. भांडणे, मुख्यतः विहिरीवरची, नव्वद टक्क्यांनी घटली होती. चारही पोती शिवणीसकट शिल्लक होती, यावरून मात्रा किती अल्प पुरते हे सिद्ध झाले. तांड्यात मात्र दोघांची डोकी फुटली होती.

समितीच्या प्रमुखांनी एकच प्रश्न विचारला. "मावशी, ताण गेला का?"

गेला म्हणावे तर उपचार पूर्ण, म्हणजे टँकर बंद. गेला नाही म्हणावे तर औषध निरुपयोगी, म्हणजेही टँकर बंद. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या.

"जातोय की साहेब," कस्तुराबाई म्हणाल्या. "पन तांड्यातून परत येऊन राहिला. वारं तिकडचं हाय ना."

समितीने ताण संसर्गजन्य असल्याची नोंद घेतली. लागण उगमापाशीच थोपवावी म्हणून तांड्यालाही उपचार मंजूर झाले आणि दोन्ही गावांचे अनुपान पाऊस पडेपर्यंत चालू ठेवले. तांड्याला पोती तीच पाठवली; टँकर दुसरा दिला.

अहवाल छापून आला. आता हे चूर्ण नांदेड-लातूरच्या दुकानांत डबीतून मिळते आणि तुम्ही ते रोज सकाळी पेलाभर पाण्यातून घेता. गुण येतो म्हणता. मला शंका नाही. गुण दोहोंपैकी कशाचा, हे कळायचे तर आठ दिवस एक वस्तू बंद ठेवून बघावी लागते. चूर्ण बंद करायला तुमच्यापैकी कोणीही तयार झाले नाही. म्हणून तुमच्या नळासाठी तसा अर्ज मी पाठवला आहे. या वेळी 'पाणी' हा शब्द घडीत जाणार नाही, याची काळजी घेतली आहे.