समोरच्या फ्रिजमधला डबा

बटणकाकांनी समोरच्या घराचं कुलूप उघडलं ते कुंड्यांना पाणी घालायला, आणि आत पाऊल टाकताच त्यांच्या कानांवर पडली ती फ्रिजची घरघर. घरात चिटपाखरू नाही, मालकीणबाई नर्स, त्या आठवडाभर प्रशिक्षणाला गेलेल्या, आणि फ्रिज आपला चालूच.

काका निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक. जिथे जातील तिथली बटणं बंद करायची, म्हणून सगळी इमारत त्यांना बटणकाका म्हणायची. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून खुर्चीत पडले असतानाही हात लांबवून त्यांनी कोपऱ्यातला पंखा बंद केला होता. घरात तर रात्रीचं जेवण साडेसातला, खिडकीशी, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात. तो दिवा तसाही जळतोच, मग वाया कशाला घालवायचा, हे त्यांचं म्हणणं. काकूंनी वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

तर काकांनी फ्रिज उघडून पाहिला. खाली अर्धं लिंबू आणि पाण्याची बाटली. वर बर्फाच्या कप्प्यात एकच स्टीलचा डबा. एका डब्यासाठी आठवडाभर एवढं मोठं धूड चालवायचं? काका काही आडदांड नव्हते. त्यांनी नीट विचार केला, डबा उचलला, आपल्या घरच्या बर्फाच्या कप्प्यात नेऊन ठेवला, परत येऊन समोरच्या फ्रिजची पिन काढली, दार उघडं ठेवलं, आणि मग कुंड्यांना पाणी घातलं. समोरची नर्स परत यायच्या आदल्या दिवशी डबा होता तिथे ठेवायचा, बस्स. त्या दिवशी ते फार खुशीत होते. हे सगळं काकूंना सांगायचं मात्र राहून गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी नर्सचा फोन आला.

"काका, तिकडे लाइट जात नाहीये ना?"

"छे, लाइटचं काही नाही."

"वरच्या कप्प्यात एक डबा आहे. माझ्या घरची लाइट गेलीच, तर तेवढा तुमच्याकडे ठेवाल? तुम्ही हसाल, पण आईच्या हातची भाजी आहे त्यात. इथून गेली ती करून ठेवून, आणि चौथ्या दिवशी ती गेल्याचाच फोन आला. तीन वर्षं झाली. खाववत नाही, टाकवत नाही. नुसती ठेवलीय."

"हसतोय कशाला," काका म्हणाले. फोन ठेवून ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी बर्फाचा कप्पा उघडला. आत नुसता बर्फ होता.

"अगं, इथे एक डबा ठेवला होता मी."

"तो? तो परवाच संपला की," काकू म्हणाल्या.

"संपला म्हणजे? कोणी संपवला?"

"तुम्ही. दोनदा मागून घेतलीत भाजी. मला वाटलं, उरलंसुरलं तुम्हीच ठेवलं असेल जपून. इथे काही टाकायची सोय आहे का? वरून जरा फोडणी दिली मी, एवढंच."

काका मोरीच्या कट्ट्यावरच बसले. पस्तीस वर्षं मुलांना ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, असं शिकवलेला हा माणूस. त्या माउलीच्या शेवटच्या भाजीचं रूप कशात बदललं, हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"तशीच करून ठेवू," ते म्हणाले. "कशाची होती?"

"मला काय विचारता? खाल्लीत तुम्ही."

"भोपळा होता बहुतेक."

"बटाटा. हाताला बटाटा लागला मला."

"दिसला का?"

"दिसणार कुठून? दिवा लावू देता का तुम्ही?"

मग काकूंनी भोपळा केला, बटाटा केला, दोन्ही मिळून केलं. दोन्ही शेगड्या पेटल्या, मिक्सर फिरला. "दिवा लावू का?" काकूंनी विचारलं तर काका म्हणाले, "लाव. सगळे लाव." एकेक घास ते डोळे मिटून खात आणि मान हलवत. ती चव नव्हती. नक्की कोणती चव होती हेही तिसऱ्या घासानंतर आठवेना. शेवटी त्यांनीच गॅस बंद केला. "नको. आधी तिचं खाल्लं, आता तिला फसवू कशाला. उद्या सांगून टाकतो."

दुसऱ्या दिवशी नर्स बॅग घेऊन जिना चढली तेव्हा काका दारातच उभे होते. त्यांनी तिला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पिन काढली तिथपासून दोनदा मागून घेतली तिथपर्यंत. एवढ्या तेवढ्यावरून दवाखाना डोक्यावर घेणारी ती बाई, पण आता मांडीवरच्या बॅगेची चेन नुसती उघडत-लावत राहिली.

"कशाची होती?" शेवटी तिने विचारलं. "मी कधी उघडून पाहिलंच नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी जमिनीकडे.

"दिसलं नाही गं," काका म्हणाले. "अंधारात जेवलो."

"बरी होती का?"

"ताट पुसून खाल्लं मी. तुझ्या काकूला म्हणालोसुद्धा, आज तुझ्या हाताला चव आलीय."

"पस्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले," काकू हळूच म्हणाल्या. "मी तीन दिवस खूश होते."

नर्स हसली आणि त्याच दमात रडली. मग तिने डबा मागितला. काकूंनी तो घासून, पुसून, पालथा घालून ठेवला होता. नर्सने झाकण काढून नाकाशी नेलं. भांड्याच्या साबणाचा वास. तिने झाकण लावलं, डबा छातीशी धरला आणि ती आपल्या घरी गेली. काका मागोमाग गेले, कारण मागे राहून करणार काय होते.

तिने तो रिकामा डबा बर्फाच्या कप्प्यात होता तिथे ठेवला. फ्रिजचं दार लावलं. फ्रिज मुका होता. ती तशीच त्याच्याकडे बघत उभी राहिली.

काकू दारातून म्हणाल्या, "अगं, रिकामा आहे तो."

काकांनी त्यांना हाताने गप्प केलं. गुडघे धरत ते खाली वाकले, पिन लावली, बटण दाबलं आणि फ्रिज घरघरायला लागेपर्यंत तिथेच बसून राहिले.