गुंडाप्पा आणि न दिसणारी धूळ

आमच्या गल्लीतला गुंडाप्पा कुणाच्याही घरात शिरला की आधी हातातली काठी वर करून छताला दोनदा ठोकतो, कान देऊन ऐकतो आणि मगच बसतो. लग्नाचं घर असो नाहीतर मयताचं, त्यात फरक नाही. बायका मडकं घेताना वाजवून बघतात ना, तसं. आवाज खणखणीत आला की म्हणतो, "घट्ट हाय. बसा." जसं काही घर त्याचं आणि आम्ही पाहुणे.

मला आधी वाटलं, ह्याचंच डोकं एकदा वाजवून बघावं. मग कळलं की ह्याची सगळी नोकरी खाणींत गेली. वरचा दगड सुटलाय का ते खाणीत असंच ठोकून बघतात. भद्द आवाज आला की पळायचं. नोकरी संपली, काठी काही सुटली नाही.

तसा तो खाणीतला मजूर नव्हता. खाणकामगारांच्या तब्येतीवर संशोधन करणारं एक ऑफिस होतं, तिथल्या साहेब लोकांची पेटी हा उचलायचा. "मी शास्त्रज्ञ न्हाय आक्का, शास्त्रज्ञाचा हमाल," असं स्वतःच सांगतो. पेटीत छोटे पंप असायचे. कामगाराच्या कमरेला पंप बांधायचा, गळ्यापाशी कागदाची एक गोल चकती लावायची आणि पाळी संपली की ती चकती काढून तोलायची. दिवसभरात माणसाच्या छातीत किती धूळ जाते ते त्यावरून कळतं म्हणे. लोखंडाच्या, मँगनीजच्या, सोन्याच्या खाणींत हा पेटी घेऊन हिंडला. बेळगावाबाहेर काकतीजवळच्या आमच्या वस्तीत राहायला आला तेव्हा पेटी ऑफिसात राहिली, धुळीचं वेड तेवढं बरोबर आलं.

मी सकाळी खराटा हातात घेतला की हा तांब्या घेऊन हजर. माझ्यापुढं पाणी शिंपडत चालतो.

"आक्का, कोरडं झाडू नको गं!"

"धूळ दिसत्या, म्हणून झाडतेय मी."

"दिसती ती काय करत न्हाय. न दिसती ती धूळ! ती आत जाऊन बसती."

"मग न दिसती ती तू झाड. माझ्या अंगणात चिखूल करू नको."

दिवाळीत तर ह्याला कोंडून घालावं असं वाटतं. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड. हा दारोदार जाऊन बायकांना सांगतो, "पदर नाकाला बांधा, मग ठिपकं काढा." त्याच्या कटकटीला कंटाळून गल्लीतल्या सगळ्या बायका दरोडेखोरांसारखी तोंडं बांधून रांगोळ्या काढायला लागल्या. एक नवा जावई दिवाळसणाला आला आणि सासू समजून भलतीच्याच पाया पडला.

ह्याच्या खिशात प्लॅस्टिकची एक नळी असते. तिच्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि छातीचा जोर कळतो. भेटेल त्याच्या तोंडापुढं नळी धरायची, "फुंक!" म्हणायचं आणि आकडा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा. शेजारच्या पोरीला बघायला शहापूरचे पाहुणे आले होते. पोहे खाऊन झाले तसा हा नवऱ्या मुलापुढं उभा. "फुंक बाबा, लाजू नको." पोरानं फुंकलं. काटा जागचा हलेना.

"किती वडतोस रं दिवसाला?"

बापाला ठाऊक नव्हतं ते सगळ्या बैठकीला कळलं. लग्न जमलं, पण पोरीनं आधी सिगरेट सोडायला लावली.

मी फुंकलं तेव्हा काटा पार वर गेला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत माझी उमेदीची वर्षं गेली, शिंका आणि ठसक्यात. म्हणून गुंडाप्पाला ते पटेना. तीनदा फुंकायला लावलं.

"आक्का, हे कसं काय?"

"मुकादमाला शिव्या देऊन छाती रुंद झाली."

तर असा हा माणूस. एरवी मी त्याच्याकडं लक्ष दिलं नसतं. पण माझा सुभाष डोंगरापलीकडच्या दगडखाणीत ड्रिल मशीन चालवतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. गेल्या हिवाळ्यात त्याला खोकला लागला आणि तो जाईना. आधी काढा झाला, मग औषधाची बाटली झाली. गुंडाप्पा रोज सकाळी आमच्या पायरीवर येऊन बसायला लागला.

"सुभाष, फोटू काढ छातीचा."

"मामा, फोटूत काय निघालं तर उद्यापासनं खाणीवर येऊ नको म्हणतील. मग तुमी घालणार व्हय खायला?"

"घालतो की."

"तुमच्या हातचं पिठलं खाऊन खोकल्याआधी मरंन मी."

मीही गुंडाप्पाला झाडलं. "पोरगं माझं हाय. तुला कशाला पंचाईत?" खरं सांगायचं तर मलाच भ्या वाटत होतं. फोटो काढला नाही तोवर काही नाही, असं मनाला सांगत होते. अडाणीपणा होता. चौथी शिकलेय, तेवढं कळत होतं मला.

एके दिवशी त्यानं सुभाषला धरून नळीत फुंकायला लावलंच. सुभाषनं फुंकलं. गुंडाप्पानं काट्याकडं बघितलं. मी आकड्याची वाट बघत उभी. त्यानं नळी पुसली, खिशात घातली आणि काठी न घेताच घरी गेला.

ज्याला घडीभर गप्प बसता येत नाही तो माणूस गप्प बसला. मी काठी पोचवायला गेले आणि म्हटलं, "उद्या जायाचं दवाखान्यात. तू बी चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात. फोटो झाला, श्वासाची तपासणी झाली. मग डॉक्टरांनी सुभाषला आत घेतलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. गुंडाप्पाचा पाय सारखा हलत होता. बाकडं कुरकुरत होतं.

"पाय धर तुझा," मी म्हटलं.

"धरलाय गं."

"मग बाक कोण हलवतंय, मी?"

तेवढ्यात दार उघडलं. म्हैसूरकडची एक नवी सिस्टर बाहेर आली आणि लिहून घेणाऱ्या पोरीला लांबूनच ओरडून म्हणाली, "सुभाष? अवरिगे बेडा!"

अवरिगे म्हणजे त्यांना. एवढं कन्नड इकडं शेळ्यांनाही येतं. आणि बेड म्हणजे बेड. दवाखान्यात दुसरं काय असणार? पोराला ठेवून घेतलं.

मला रडायला येत नाही, कामं सुचतात. सतरंजी, तांब्या, टॉवेल, पेज कोण करून आणणार, सगळं डोक्यात आलं. मी उठून सिस्टरला गाठलं. "बाई, बेड खिडकीजवळचा द्या. त्याला वारं लागतं."

सिस्टर माझ्याकडं बघत राहिली.

मागं वळून बघते तर गुंडाप्पा फरशीवर बसलेला. डोकं गुडघ्यांत घालून पोरासारखा रडत होता. एवढ्या वर्षांत बारा खाणींचं कन्नड प्यालेला माणूस, पण त्यालाही बेडच ऐकू आला.

सुभाष शर्टाची बटणं लावत बाहेर आला. "आये, काय झालं? मामा का रडतोय?"

"तुला ठेवून घेतलं न्हवं का रं?"

सिस्टरच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तिनं कपाळाला हात लावला. "अज्जी, बेडा अंदरे ब्याडा! ब्याडा!"

ब्याडा म्हणजे नको. आमच्याकडं ब्याडा म्हणतात, तिच्याकडं बेडा. पुढचा मोठा स्कॅन सुभाषला लागत नाही, असं ती सांगत होती. फुफ्फुसं साफ होती. कोरड्या धुळीनं श्वासाच्या नळ्या सुजल्या होत्या, औषधानं उतरतील. मशीनला पाण्याची नळी जोडल्याशिवाय ड्रिल धरायचं नाही आणि दरवर्षी येऊन तपासून जायचं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

मी हसायला लागले ते थांबेनाच. सिस्टर हसली, लिहिणारी पोरगी हसली, रांगेतली परकी माणसंही हसली. गुंडाप्पा मात्र डोळे पुसत तसाच बसला होता.

बाहेर बसस्टॉपच्या बाकड्यावर बसल्यावर मी विचारलं, "पोरगं माझं. तू का एवढा रडलास रं?"



"आक्का, पाळी सुटल्यावर कमरंचा पंप सोडताना परत्येक गडी इचारायचा, 'काय निघालं?' मी म्हणायचो, 'कळवतील.' कागूद सायबाकडं, सायबाकडनं वर. कुणी कळवलं न्हाय. पुढच्या साली गेलो की त्यातली दोन-तीन माणसं नसायची. हुती ती परत इचारायची. मी परत, 'कळवतील.' सगळी नोकरी लबाड बोललो बघ मी."

 मी पिशवीतून सुभाषचा रिपोर्ट काढला आणि गुंडाप्पाच्या हातात दिला.

सुभाषला डॉक्टरांनी आत सगळं सांगितलं होतं. तरी पोरगं पुढं आलं, त्याच्यासमोर उभं राहिलं आणि म्हणालं, "मामा, काय निघालं?"

गुंडाप्पानं चष्मा पुसला. उठून उभा राहिला. कागद डोळ्यांपुढं धरून नावापासून सुरुवात केली, मग वय, मग काम, आणि एकेक ओळ बोट ठेवून मराठीत सांगायला लागला. मध्येच थांबायचा आणि तीच ओळ पुन्हा घ्यायचा. सुभाष मान हलवत ऐकत होता.

आमची बस आली. मी ती थांबवायला हात केला नाही.