बसण्णांना इंजिन पसंत पडेना

इंजिन बघायला जाताना आमचे बसण्णा पाना-पेचकस घेत नसत, पितळी फुलपात्र घेत. मालकानं इंजिन चालू केलं की ते फुलपात्र पाण्यानं काठोकाठ भरून इंजिनाच्या डोक्यावर ठेवत आणि समोर उकिडवे बसून पाण्याकडे टक लावत. पाणी सांडलं की फुलपात्र उचलायचं, उरलेलं पिऊन टाकायचं आणि उठायचं.

"ब्याड. नको," ते म्हणत.

त्यांचं सगळं असं दोनदा चाले. घर दुधनीकडचं, त्यामुळे आतली भाषा कानडी; गाड्या दुरुस्तीचा धंदा सोलापुरात, त्यामुळे बाहेरची मराठी. कुठलंही मत आधी कानडीत बाहेर पडे आणि त्याच्यामागून मराठी. नोडोण, बघू. साकु, बास. आतु, झालं. मी शाळेत मराठी शिकवतो, पुनरुक्तीवर लाल रेघ मारण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पण शेजाऱ्याच्या तोंडावर रेघ कुठं मारणार? शिवाय माझी स्कूटर त्यांच्याच हातात असे.

आमच्या मागच्या पडवीतून त्यांचं आवार दिसायचं. त्या आवारात एक गाडी उभी होती. लष्कराच्या डिस्पोजलमधून लिलावात घेतलेली, नाकाडी, बसकी. बसण्णांनी मागचा भाग कापून तिथं सागवानी फळ्यांचा हौदा बसवला होता. हौद्यात स्प्रिंगच्या पाट्या आणि ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या लावून एक बाज अशी टांगली होती, की गाडी कितीही हादरली तरी बाज फक्त झुलावी. सगळं झालं होतं. इंजिन तेवढं नव्हतं. जुन्याचा ब्लॉक फुटलेला, आणि नवं कुठलं बसवायचं हे बसण्णांचं ठरत नव्हतं.

बाज होती गंगाक्कांसाठी. अक्का म्हणजे बसण्णांची बायको. पायऱ्यांवरून पडून मणका दुखावला तेव्हापासून त्या अंथरुणालाच होत्या. मूलबाळ नाही. आंघोळ, वेणीफणी, भाकरी, सगळं बसण्णाच करत. रोज सकाळी आधी रॉकेलनं, मग साबणानं, मग शिकेकाईनं हात धुवून ते बायकोची वेणी घालायला बसत. वेणी छान घालत. आमच्या सौभाग्यवती पडवीतून ते बघत आणि मग माझ्याकडे बघत, त्यामुळे मी सकाळी पडवीत जाणं सोडून दिलं होतं.

अक्कांची आई दुधनीपलीकडच्या वाडीवर होती, फार म्हातारी. अक्कांना तिला एकदा भेटायचं होतं. रेल्वे दुधनीपर्यंत जाते हे मलाही ठाऊक होतं आणि मी ते बसण्णांना सांगूनही पाहिलं. पण डब्यात चढवताना-उतरवताना चार परके हात लागणार, आणि स्टेशनपासून पुढं बैलगाडी. डॉक्टरांनी बैलगाडीचं नाव ऐकूनच हात जोडले होते. म्हणून ही गाडी.

तर इंजिन. पेट्रोल महागल्यापासून गल्लीतला जो तो डिझेलचा सल्ला देत होता. पहिलं डिझेल बघायला आम्ही अकलूजला गेलो. आम्ही म्हणजे ते आणि मी. रविवारी मला दुसरं काम नसतं असा त्यांचा समज होता. एका ऊसवाल्यांकडे ट्रॅक्टरचं इंजिन निघालं होतं. बसण्णांची चौकशी मी ऐकत राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की हा मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आहे. इंजिन कुणाच्या हाताखाली वाढलं? तापट आहे का? आधी कुठं दिलं होतं का? चहा झाला, चिवडा झाला. मग इंजिन चालू केलं, आणि फुलपात्र पहिल्याच हिसक्याला उडून ऊसवाल्यांच्या धोतरावर पडलं.

"ब्याड. नको. ताकद हाय, पर संसार न्हाई जमायचा."

मग एका टॅक्सीचं. ते पाणी सांडत नव्हतं, पण बसण्णा म्हणाले याला दम लागतो. मग एका पिठाच्या गिरणीचं. ते का बघायला गेलो हे मला आजही सांगता येणार नाही. ते सुरू झालं तेव्हा फुलपात्रच काय, आम्हीसुद्धा जागेवरून सरकलो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं तर नवरदेवच पसंत पडत नव्हता.

हसण्यासारखं तोवर होतं. मग एका बाजारच्या दिवशी दुधनीचा एक शेंगावाला व्यापारी आवारात आला आणि उभ्या उभ्या निरोप सांगून गेला. म्हातारीनं अन्न सोडलंय. पेज तेवढी घेते, आणि गंगीला आणा म्हणते.

अक्कांची खिडकी आवाराकडेच होती. त्यांनी ऐकलं. रडल्या नाहीत. "इंजिनाचं कुठवर आलं?" एवढंच विचारलं.

"नोडोण, बघू," बसण्णा म्हणाले.

मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या बघूची चीड आली. तिकडे म्हातारीची घटका भरत आली होती आणि इकडे यांचं घोडं पेंड खात होतं. माझ्या परीनं मी चौकशा सुरू केल्या. नातेपुत्याला एका जुन्या वकिलांची मोटार मागून चेपून गोठ्यात पडली होती. इंजिन पेट्रोलचं, सहा सिलिंडरचं, माप बसण्णांच्या गाडीला नेमकं. रविवारची वाट न बघता मी रजा टाकली आणि त्यांना जवळजवळ ओढत एस.टी.त बसवलं. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत, दोन्ही भाषांत.

वकिलांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं हे मला आधी कळलंच नाही. बसण्णांनी फुलपात्र भरलं, वर ठेवलं, आणि आम्ही बघत राहिलो. पाणी नुसतं बारीक थरथरत होतं, काठावरून थेंब जात नव्हता. वकिलांनी वेग वाढवला, तरी नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी वकिलांशी व्यवहाराचं बोलायला वळलो आणि वळता वळता डोळ्यांच्या कोपऱ्यातून जे बघितलं, त्यानं माझे पायच थबकले. बसण्णांचं कोपर हळूच पुढं झालं आणि फुलपात्राला लागलं.

पाणी सांडलं.

"ब्याड," बसण्णा म्हणाले. "नको."

आम्ही स्टँडवर आलो. तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बसण्णा, पाणी तुम्ही सांडलंत. मी बघितलं. तिकडे त्या बाईची आई जायला टेकलीय आणि तुम्ही हा कसला खेळ चालवलाय?"

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. समोर अकलूजची गाडी लागली, भरली, गेली.

"तिचा भाऊ हाय की वाडीवर," शेवटी ते म्हणाले. "मागं आला तवाच म्हनला, भावजी, एकदा ताईला आना, मग ऱ्हाऊ द्या हितंच. आमच्या घरात बायामानसं हायत, तुमी पुरुष मानूस कुटवर करनार. सर, खोटं न्हाई त्यात काय. माझ्या भाकरीला बी ग्रीसचा वास येतो. तिला तितं बरं पडंल."

"मग?"

"मग काय. इंजिन बसलं की ती जानार. गेली की ऱ्हानार. आन मी हितं कुनाशी बोलू? कानडीत बोलाया घरात दुसरं हाय कोन?"

सगळं दोनदा बोलणारा माणूस हे एकदाच बोलला. मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं. मी म्हणालो, "म्हातारी गेली तर अक्का तुम्हाला एका शब्दानं बोलणार नाहीत. ते सोसेल तुम्हाला?"

बसण्णा उठले. मला वाटलं, चहा आणायला निघाले. ते वकिलांच्या वाड्याकडे चालू लागले होते.

इंजिन एका मालट्रकवर घालून सोलापूरला आलं, आणि दुसऱ्याच दिवशी बसवायला घेतलं. आवारात तीन लाकडांची तिवई उभी करून चेनकप्पी टांगली. साखळी ओढायला नरसय्या होता, आमच्या गल्लीतला विणकर. त्याच्या घरची भाषा तेलुगू. इंजिन पुढून धरून सरळ ठेवायला मी. बसण्णा गाडीखाली आडवे, आणि त्यांचा उजवा हात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीत, दांडा भोकात बसतोय का हे चाचपडत. तीन माणसं, तीन भाषा, आणि डोक्यावर लोंबकळणारं इंजिन. नरसय्या साखळीची एकेक कडी सोडत होता. इंजिन उतरत होतं. मी खडूपेक्षा जड काही धरलेलं नाही.

"आतु," गाडीखालून बसण्णांचा आवाज आला.

रोज त्याच्यामागून 'झालं' यायचं. त्या दिवशी आलं नाही. हात अडकला होता आणि मराठी तोंडातच राहिली. मी मराठीचा मास्तर. मला 'आत' ऐकू आलं. मी अंगातला सगळा जोर लावून इंजिन आत ढकललं.

"आतु, आतु!"

मी आणखी ढकललं. नरसय्यानं मला मदत म्हणून साखळी सोडली.

तेवढ्यात खिडकीतून अक्का ओरडल्या. इतकी वर्षं शेजारी राहून त्या बाईंचा चढा आवाज मी ऐकला नव्हता. "सर, थांबा! मागं घ्या, मागं! नरसय्या, वर ओढ!"

आम्ही मागं घेतलं. बसण्णा गाडीखालून सरपटत बाहेर आले तेव्हा त्यांची दोन बोटं रक्तानं माखली होती आणि चेहरा चुन्यासारखा झाला होता. माझा त्याहून वेगळा नसावा. नरसय्या तेलुगूत देवाचं नाव घेत होता. बोटं तुटली नव्हती, चेपली होती. मी काहीबाही बोलायला लागलो तर बसण्णांनीच डाव्या हातानं माझा खांदा थोपटला.

खिडकीतून अक्का म्हणाल्या, "आतु म्हंजे झालं, सर. ह्यांचं झालं म्हंजे थांबा असतंय." आणि मग नवऱ्याला कानडीत बरंच काही. त्याचं मराठी कुणी केलं नाही.

बोटांना फडकी बांधून बसण्णांनी इंजिन बसवलंच. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. अक्कांना त्यांनी स्वतः उचलून हौद्यातल्या बाजेवर ठेवलं. शेजारी मी, छत्री धरून. गाडी अक्कलकोटच्या रस्त्यानं चालली ती भरलेलं ताट घेऊन चालल्यासारखी. प्रत्येक खड्ड्याआधी बसण्णा मागं वळून बघत, आणि अक्का पुढं बघायची खूण करत. मी मात्र दर मैलाला वाडीवरनं समोरून कुणी निरोप्या तर येत नाही ना, हे बघत होतो.

वाडीवर पोचलो तेव्हा दारात रडारड नव्हती. म्हातारी होती. शुद्धीवर होती.

अक्कांचा भाऊ धावत आला. मागोमाग घरातल्या बायका. ओटीवर गादी घातलेली होती, जाड, नवी, राहायला आलेल्या माणसासाठी घालतात तशी. बसण्णांनी ती बघितली. ते गाडीच्या पुढं गेले, बॉनेट उघडलं आणि त्यात डोकं घातलं. भाऊ माझ्या मदतीनं बाज सोडवायला हौद्यावर चढला.

अक्कांनी हौद्याची फळी धरली. "मला उतरवू नका," त्या म्हणाल्या. "आईला वर आना."

भावाला वाटलं, ताईला पाठ दुखायची भीती वाटते. तो म्हणाला, अगं सावकाश नेतो, आता तू इथंच राहायचीस, घाई काय आहे.

"म्हनूनच म्हनते. एकदा उतरले की तुमी चढू देनार न्हाई मला. आईला आना. आन जेवनाचा एक डबा बांधा, संध्याकाळी आमी दोघं परत जानार हाय."

हे त्या मराठीत बोलल्या. भावाशी त्या कधी मराठीत बोलत नसत. मला कळावं म्हणून बोलल्या की बॉनेटखालच्या माणसाला दोन्ही भाषांत कळावं म्हणून, कोण जाणे; लगेच त्यांनी तेच कानडीत सांगितलं.

म्हातारीला घोंगडीत उचलून आणलं. चिमणीएवढी होती. हौद्यात बाजेवर लेकीशेजारी निजवली तर दोघींना ती बाज पुरली. म्हातारीनं लेकीच्या वेणीवरून हात फिरवला आणि काहीतरी विचारलं. वेणी कुणी घातली असं विचारलं असावं, कारण अक्कांनी हसून पुढं बोट दाखवलं.

मी खाली उतरून पुढं गेलो. बसण्णा अजून बॉनेटमध्ये वाकलेले होते. हातात पाना नव्हता, पेचकस नव्हता. फडकी बांधलेला हात नुसता इंजिनावर टेकवला होता आणि खांदे हलत होते.

"बसण्णा, चला की मागं," मी म्हणालो. "इंजिन थंड झालं असेल आता."

त्यांनी डोकं वर काढलं नाही.

"न्हाई सर," ते म्हणाले. "अजून जरा गरम हाय."